दोघं आत, एक बाहेर

पक्ष्यांना मोजता येत नाही. निदान दोनपर्यंत तरी येत नाही, आणि फोटोवालीचा निम्मा संसार या एका गोष्टीवर चालला होता.

त्याचं असं असतं. पाणथळीत पक्षी अंड्यांवर बसलेला. समोर वीस पावलांवर तुमचं लपण, म्हणजे चार बांबू, त्यावर मळकट कापड, वर ओलं गवत आणि लेन्सपुरतं एक भोक. तुम्ही एकटे त्यात शिरलात की संपलं. आत गेलेला माणूस बाहेर आलेला पक्ष्यानं पाहिलेला नसतो, म्हणून तो दिवसभर त्या कापडावर नजर ठेवतो आणि अंड्यांकडे येत नाही. पण दोघं मिळून गेलात, आणि पाच-दहा मिनिटांनी त्यातला एक जण उजळ माथ्यानं परत निघाला, की पक्ष्याचं समाधान होतं. माणूस आला होता, माणूस गेला, प्रश्न मिटला. निघतानाही तसंच. गेलेल्यानं परत यायचं आणि मग दोघांनी मिळून बाहेर पडायचं. आतलं माणूस आपल्या मनानं उठून बाहेर आलं, तर रिकाम्या लपणातून माणूस उगवलेला पाहून पक्षी असा बिथरतो की पुन्हा घरट्याकडे फिरकत नाही. म्हणून नियम एकच, आणि त्याला अपवाद नाही. न्यायला कोणी येईपर्यंत आतल्यानं हलायचं नाही.

सव्वीस वर्षं आत बसणारी होती फोटोवाली, आणि बाहेर जाणारा होता तिचा नवरा, भोंगा.

भोंगा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बसस्थानकावर गाड्या पुकारायचं काम त्यानं उभा जन्म केलं, आणि वीज गेली की माईकवाचून केलं. ‘सहा नंबरच्या फलाटावर’ एवढं तो म्हणाला की पलीकडच्या गल्लीतली माणसंही पिशव्या उचलायची. घरात तो बायकोच्या कानाशी कुजबुजला तरी भिंतीपलीकडून शेजारीण उत्तर द्यायची. असा माणूस तिनं पाणथळीत नेला, जिथे खोकलासुद्धा रुमालात गुंडाळून खोकावा लागतो. त्यातून त्याला लालभडक शर्टांची हौस. तिनं त्याच्यासाठी मातकट रंगाचे दोन सदरे, एक विजार आणि एक टोपी शिवून घेतली. पहिल्यांदा तो जामानिमा करून आरशासमोर उभा राहिला तेव्हा म्हणाला, "अगं, मीच मला सापडत नाहीये."

फोटोवालीचा स्टुडिओ घराच्याच पुढच्या खोलीत होता. पांढरा पडदा, फिरतं स्टूल, दोन छत्र्यांचे दिवे आणि भिंतीवर एक कंगवा दोरीला बांधलेला, कारण आधीचे तीन लोकांनी पळवले होते. ओळखपत्रांचे फोटो काढणं हा तिचा धंदा. आठवडाभर ती लोकांना सांगायची, हनुवटी खाली घ्या, कान दिसू द्या, हसू नका. माणसं फोटोत दिसण्यासाठी किती धडपडतात याचं तिला भारी नवल वाटायचं, कौतुक मात्र नाही. तिचा सगळा जीव जे दिसू नये म्हणून धडपडतात त्यांच्यात होता. वाळक्या लव्हाळ्यात मान वर करून लव्हाळंच होऊन जाणारा बगळा, चिखलात चिखल होऊन बसलेला पाणलावा. दहा माणसं दहा दुर्बिणी लावून बसली असली तरी पक्षी आधी तिलाच दिसायचा. कसा, ते तिला सांगता येत नसे. घरातही तेच. पडलेली सुई, हरवलेली पावती, डाळीतला खडा, सगळं तिला पहिल्या नजरेत सापडायचं. भोंगा ज्याला त्याला सांगायचा, "हिच्यापासून लपून काही करायची सोय नाही. मी तर खोटं बोलायचं कधीच सोडून दिलं. उगाच मेहनत वाया."

पाणलाव्यावर तिचा विशेष लोभ होता. या पक्ष्यांत मादी रंगेल, नटवी. ती अंडी घालते आणि चालू लागते. नर बिचारा मातीच्या रंगाचा. तो अंड्यांवर बसतो, पिल्लं बाहेर काढतो, वाढवतो. भोंग्याला हे कळलं तेव्हापासून त्यानं तिला सळो की पळो केलं होतं. "बघा, हा खरा नवरा. आमच्यासारखाच. बायको हिंडते गावभर, आणि हा बसलाय घरात लेकरू घेऊन." यात चेष्टा कमी आणि खरं जास्त होतं. लेक लहान असताना फोटोवाली पहाटेच कॅमेरा घेऊन निघायची आणि लेकीची वेणी, डबा, गृहपाठ, ताप, रुसवे सगळं भोंगा बघायचा. लेक आईला मान द्यायची, पण जीव होता तो बाबांवर.

या नराचा अंडी फुटतानाचा फोटो काढायचा, ही तिची एकच मोठी इच्छा होती. चार वर्षांपूर्वी ती पुरी होता होता राहिली. चार अंडी होती, सतरावा दिवस होता, नर बिनघोर बसला होता. भोंगा बांधावरून परत निघालेला. तेवढ्यात लपणाच्या मागच्या बाजूनं एक साप आत सरकताना त्याला दिसला, आणि बत्तीस वर्षं सहा फलाट हलवणारा तो आवाज त्या पाणथळीवर फुटला, "अगं, साप! साप!"

साप बिनविषारी होता, पाण्यातला. नर उडाला तो उडालाच. पाव तासात कावळ्यांनी अंडी संपवली. फोटोवाली लपणातून बाहेर आली, आणि पाणथळीच्या राखणदाराच्या देखत नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या तोंडाला एकदाचं कायमचं कुलूप लागलं पाहिजे." मग आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. आठव्या दिवशी त्यानं तिच्यापुढे चहा ठेवला आणि कानांवर हात नेऊन पुटपुटला, भोंगा बंद म्हणून. ती हसली आणि विषय संपला. म्हणजे तिच्यापुरता संपला. त्यानंतर पाणथळीवर भोंगा कधीच वाजला नाही. बांधावर पाय मुरगळला तरी तो ओठ चावून बसायचा. तिनं शिकवलेलं सगळं तो आता पाळू लागला. दाणदाण चालायचं नाही. फोन गाडीतच ठेवायचा. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. तिला बरं वाटलं, उशिरा का होईना माणूस सुधारला.

आता त्या सकाळचं.

या वर्षी पुन्हा घरटं सापडलं. पुन्हा चार अंडी, पुन्हा शेवटचा दिवस. दोघं गाडीतून उतरले तेव्हा नुकतं फटफटलं होतं. कॅमेऱ्याची तिपाई भोंग्याच्या खांद्यावर होती. तो म्हणाला, "डावा हात भरून आलाय ग आज." ती म्हणाली, "मग दुसऱ्या खांद्यावर घ्या." त्यानं घेतली. लपणात ती मोठा कॅमेरा लावून बसली. शेजारी छोटा कॅमेरा त्यानं स्वतः लावून दिला. घरट्याच्या आसपासचं सगळं दिसावं म्हणून तो आपला आपण मिनिटाला एक फोटो काढत राहायचा. मग तिच्या कानाशी येऊन भोंगा म्हणाला, "साडेनऊला येतो." एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला. नेहमीप्रमाणे बांधावरून, सगळ्या पाणथळीला दिसेल असा. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती नराची वाट बघत होती.

नर आला. पुढचं सगळं तिच्या मनासारखं झालं. अंड्याला तडा गेला, चोचीचं टोक दिसलं, ओलं पिल्लू बाहेर आलं आणि त्या मातकट बापानं मान वाकवून ते असं काही न्याहाळलं की तिचं बोट बटणावरून उठेना. चारही फुटली. सव्वीस वर्षांत असा फोटो तिला मिळाला नव्हता, आणि खरं तर कुणालाच मिळाला नसावा.

साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. भोंगा येईना. तिला वाटलं, राखणदाराशी गप्पा छाटत बसला असेल. राखणदाराला नवं काही सांगायचं नसलं की भोंगा जुनंच पुन्हा सांगायचा. दहा वाजता तिला राग आला. सव्वादहाला तिनं मनातल्या मनात त्याला द्यायच्या शिव्या जुळवल्या. पिल्लं अजून बापाच्या पोटाखाली होती, म्हणून ती हलली नाही. साडेदहाला बांधावरून राखणदाराच्या हाका ऐकू आल्या. गाडी जागेवर आहे, भोंगेसाहेब कुठे दिसत नाहीत. तेव्हा ती नियम मोडून बाहेर आली. राखणदार त्याच बांधावरून दोनदा गेला होता, दोन्ही वेळा भोंग्यापासून पाच पावलांवरून. त्याला काही दिसलं नव्हतं. तिनं लपणाबाहेर पाऊल टाकलं, मान वर केली, आणि तिला पहिल्या नजरेत नवरा सापडला. दीडशे पावलांवर, लव्हाळ्यात, तिनंच शिवून घेतलेल्या कपड्यांत.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. झटक्यात गेले असणार, त्रास झाला नसेल. लेक धावतपळत आली, ती परगावी दातांच्या दवाखान्यात काम करायची. पहिल्या आठवड्यात ती आईशी धड बोलत नव्हती. एकदाच बोलली. "साडेनऊला आली असतीस ना बाहेर, तर?" मग लेकीनंच डॉक्टरांना गाठून पुन्हा पुन्हा विचारलं, आणि डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. झटक्यात. कुणी काही करू शकलं नसतं. त्या एका शब्दावर लेक उभी राहिली. आईजवळ येऊन बसली, तिच्या केसांना तेल लावलं. झोपताना विचारायची, "झटक्यात ना ग?" आणि आई म्हणायची, "हो, झटक्यात." त्या एका शब्दावर मायलेकी एका घरात राहत होत्या.

फोटोवालीचं मात्र त्या शब्दानं भागत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला साडेअकराला पाहिलं. त्यांना काय ठाऊक सात वाजता काय झालं ते? आपण डोळा लावून बसलो होतो तेव्हा तो होता की नव्हता, एवढंच तिला हवं होतं. तो आधीच गेला असेल, तर तिच्या हातून काही घडलेलं नव्हतं. नसेल गेला, तर. याच्या पुढे ती विचार नेत नसे. छोट्या कॅमेऱ्यात काय असेल हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कॅमेऱ्याचं तोंड घरट्याकडे होतं आणि घरट्याच्या मागे तोच बांध. ज्या बाईला डाळीतला खडा दिसल्यावाचून राहत नाही, तिनं सव्वा महिना तो कॅमेरा कपाटात सदऱ्यांच्या खाली घालून ठेवला.

दिवस झाल्यावर लेक कामावर परत गेली होती, ती सव्वा महिन्यानं आईला आपल्याकडे घेऊन जायला आली. स्टुडिओ बंद करायचा ठरलं. पांढरा पडदा उतरवला तेव्हा मागच्या भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन निघाला. लेक भराभरा खोकी भरत होती. कामाचा उरक अगदी बापाचा, फक्त आवाज नाही. कपाट उपसताना तिच्या हाती छोटा कॅमेरा लागला.

"हा त्या दिवशीचा ना?"

"हो."

"यात काही आहे? नाहीतर पुसून टाकते आणि देऊन टाकू कुणाला तरी."

"थांब," फोटोवाली म्हणाली. "बघते आधी."

चिकटपट्टी संपली होती, ती आणायला म्हणून लेक बाहेर पडली. फोटोवालीनं दार लोटलं, संगणक चालू केला आणि कार्ड घातलं. दोनशे तीस फोटो. दुपारचे साडेतीन वाजले होते, खिडकीखालून कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं.

सहा बावन्न. बांधावर त्याची पाठ. अंगठ्याच्या नखाएवढी, पण चालण्याची ढब त्याचीच. सहा चोपन्न, सहा पंचावन्न, पाठ पुढे सरकत गेलेली. सहा सत्तावन्नला तो वाकला होता, एक हात गुडघ्यावर. सहा अठ्ठावन्नला नव्हता.

म्हणजे होता. बाकी कुणाला दिसला नसता. एका तिरप्या खांबाच्या डावीकडे, जिथे लव्हाळं जरा दाट होतं, तिथे एक मातकट भाग बाकीच्यापेक्षा किंचित सपाट होता. तो बसला होता. डोकं खाली. पुढे वीस-बावीस फोटो तसेच. गेला असेल, ती मनात म्हणाली. बसल्या बसल्या गेला असेल. झटक्यात. देवा, असंच असू दे. आपण नवऱ्याच्या मरणासाठी हात जोडतोय हे तिच्या लक्षात आलं, तरी ती जोडत राहिली.

सात एकवीसच्या फोटोत टोपी त्याच्या डोक्यावर नव्हती, हातात होती. हात वर होता.

तिनं पुढचा फोटो उघडला. हात खाली. पुढचा. हात वर. वर. खाली. वर. मिनिटाला एक फोटो, मधल्या मिनिटात काय झालं ते कॅमेऱ्याला माहीत नाही. तो टोपी हलवत होता. दीडशे पावलांवरून, लपणातल्या त्या भोकाकडे तोंड करून, आपल्या बायकोला. जिच्यापासून काही लपत नाही तिला.

सात चाळीसला घरट्यात पहिलं अंडं फुटलं. हे तिला फोटोत बघायची गरज नव्हती, तिच्या बोटाला ते पाठ होतं. मोठ्या कॅमेऱ्यावर तेव्हा तिनं सलग दोनशे फोटो काढले होते. एक डोळा लेन्सला, दुसरा मिटलेला. त्या मोठ्या लेन्समधून वीतभर जग दिसतं, घरटं आणि भोवतालच्या चार काड्या. तो वीतभर तुकडा तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. नुसता दुसरा डोळा उघडला असता तरी.

ओरडला का नाही? हा विचार आला तशी ती उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली. फोटोला आवाज नसतो. छातीत कळ असताना आवाज फुटत नाही, हेही तिला कुणीतरी सांगितलं होतं. नसेलच फुटला. पण तिनं हात पुन्हा नीट पाहिला. एकेक फोटो मोठा करून पाहिला. टोपी धरलेला तो हात एकाही फोटोत खांद्याच्या वर गेलेला नव्हता. लव्हाळ्याच्या शेंड्यांखालीच, हळू, पक्षी बिचकणार नाही अशा बेतानं. मरणाच्या दारात बसलेल्या माणसानं नियम पाळला होता. आणि दीडशे पावलांवर दुसरं माणूस दुसरा नियम पाळत बसलं होतं. दोघांतल्या एकानं जरी त्या दिवशी शिस्त सोडली असती, तरी चाललं असतं. दवाखाना गाडीनं पंचवीस मिनिटांवर होता.

आठ चारला हात शेवटचा वर होता. आठ पाचला टोपी गवतावर पडली होती. पुढे साडेदहापर्यंतच्या सगळ्या फोटोंत त्या लव्हाळ्यात काही बदललं नाही, सावल्या तेवढ्या आखूड होत गेल्या.

ती रडली नाही. ती परत सात अठ्ठेचाळीसवर आली. त्या फोटोत हात सर्वांत स्पष्ट होता, बोटंसुद्धा कळत होती. किती वेळ ती त्या बोटांकडे बघत राहिली कोण जाणे. दार उघडलं आणि लेक आत आली, हातात चिकटपट्टीची गुंडाळी आणि केळ्यांची पिशवी.

"आहे का ग काही त्यात?"

"गवत," फोटोवाली म्हणाली. "घरट्यावर लावलेला होता ना. नुसतं गवत."

"बघू."

फोटोवालीनं संगणकाचा पडदा बंद केला नाही. बंद करणं म्हणजे सांगणंच झालं असतं. शिवाय तिचा भरवसा होता, सव्वीस वर्षांत लेकीला एक पक्षी धड सापडला नव्हता. पाणथळीत आणली की लहानपणी दहा मिनिटांत कंटाळायची आणि बाबांबरोबर गाडीत जाऊन भेंड्या खेळत बसायची. लेक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकली. तिची नजर उजवीकडून निघाली. पाणी, घरटं, नर, पाणकणसं, बांध, खांब.

मग थांबली.

ते थांबणं फोटोवालीनं आयुष्यात हजार वेळा पाहिलं होतं. लपलेला पक्षी सापडतो तेव्हा ‘दिसला’ म्हणायच्या आधी माणूस एक क्षण श्वास घ्यायचं विसरतं. मानेजवळ लेकीचा श्वास लागत होता, तो लागेनासा झाला.

"हं," लेक सरळ होत म्हणाली. "गवतच आहे." आवाज अगदी साधा होता. ती वळली, पिशवीतली केळी उगाच टेबलावर ठेवली, पुन्हा पिशवीत घातली. "चहा टाकू?"

‘हो, टाक’ एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं, तर चहा झाला असता, खोकी भरली गेली असती, आणि लेकीच्या घरी झोपताना एकीनं ‘झटक्यात ना’ विचारलं असतं आणि दुसरीनं ‘हो’ म्हटलं असतं, मरेपर्यंत. लेकीनं तेवढी वाट करून दिली होती. बापासारखीच, स्वतःचं तोंड मिटून. फोटोवालीला ते सोसवेना. या घरात आणखी एका माणसानं तिच्यासाठी गप्प बसावं, हे तिला आता सोसवणार नव्हतं.

"तुला दिसले," ती म्हणाली.

लेक पाठमोरी उभी होती. चिकटपट्टीचं टोक ती नखानं शोधत होती, ते सापडत नव्हतं.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"सात एकवीसपासून आठ चार. त्रेचाळीस मिनिटं."

"म्हणजे झटक्यात नाही."

"नाही."

लेक वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर फोटोवालीनं तो घेतला असता, सव्वा महिना ती त्याचीच तयारी करून बसली होती. राग नव्हता. शाळेतून आल्यावर बाबा घरात दिसले नाहीत की ती ज्या आवाजात विचारायची, त्याच बारीक आवाजात, खरंच कळत नसल्यासारखं तिनं विचारलं, "पण तुला कसे नाही दिसले ग, आई? तुला तर सगळं दिसतं."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. लेन्स केवढी, भोक केवढं, कापड कुठपर्यंत, नियम काय. सगळं खरं होतं.

"मी पक्ष्याकडे बघत होते," ती म्हणाली.